गावकुसाची माती : एरण येथील प्राचीन तट

सांचीला जाऊन आलेल्या सभासदांना महास्तूपाभोवतीचा दगडी कठडा आठवत असेल. त्याच्या उभ्या खांबांवर आणि आडव्या सूचींवर ब्राह्मी लिपीत लहान लहान लेख कोरलेले आहेत. अमुक गावच्या उपासिकेचे दान, तमुक भिक्खूचे दान, एवढाच मजकूर. राजेरजवाड्यांची नावे त्यात अगदीच थोडी. बाकी सारे व्यापारी, कारागीर, गृहिणी, भिक्खू आणि भिक्खुणी. दात्यांच्या गावांची यादी केली तर तिच्यात उज्जेनी आहे, वेदिसा आहे, आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन आहे, आणि 'एरकिण' असेही एक गाव आहे. संस्कृत लेखांत त्याच गावाला ऐरिकिण म्हटले आहे. आजचे त्याचे नाव एरण.

हे एरण मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात बीना नदीच्या काठी आहे. सांचीहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की विदिशा, गंजबासोदा आणि मग मंडी बामोरा हे स्टेशन लागते. तेथून एरण दहा किलोमीटरच्या आसपास. सांचीला गेलेली मंडळी सहसा तेवढे अंतर जात नाहीत. जे जातात ते तेथील प्रचंड वराहमूर्ती, विष्णूची मूर्ती आणि चाळीस फुटांहून उंच असा गुप्तकालीन स्तंभ पाहतात, फोटो काढतात आणि परततात. आम्हीही प्रथम तेच केले. परंतु आमचे जाणे झाले होते ते दुसऱ्याच वस्तूसाठी. ती वस्तू दगडाची नाही, तिच्यावर एकही अक्षर नाही, आणि 'ती कोठे आहे?' असे विचारल्यावर पहिल्या दोघांनी आम्हाला पुन्हा वराहाकडेच पाठविले. ती म्हणजे एरणचा मातीचा तट.

या तटाची कल्पना येण्यासाठी आधी जागा समजून घेतली पाहिजे. बीना नदी वाहता वाहता येथे मोठे वळण घेते आणि जमिनीच्या एका तुकड्याला तीन बाजूंनी कवेत घेते. राहिली चौथी बाजू. ती मात्र मोकळ्या रानाला जोडलेली. म्हणजे गावाला तीन बाजूंनी पाण्याचे आयते संरक्षण मिळाले. मनुष्याने काम करायचे ते फक्त त्या एका बाजूला, जमिनीच्या मानेवर. तेथे आडवा खंदक खणला आणि खणलेली माती आतल्या अंगाला रचली की किल्ला झाला. कोकणात विजयदुर्ग पाहिलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. तेथेही तीन बाजूंना पाणी होते आणि जमिनीच्या बाजूला खंदक खणून किल्ला तोडून घेतला होता. समुद्रातील भूशिर असो, डोंगराची पुढे आलेली सोंड असो की नदीचे वळण असो, तत्त्व एकच. निसर्गाने जेवढे राखले आहे तेवढे त्याच्याकडे सोपवावे आणि आपले श्रम उरलेल्या तोंडावर लावावेत. जगाच्या अनेक भागांत, एकमेकांची वार्ताही नसलेल्या लोकांनी, हा शोध स्वतंत्रपणे लावलेला आहे.

एरणचे उत्खनन सागर विद्यापीठाने प्रा. कृष्णदत्त बाजपेयी यांच्या मार्गदर्शनाखाली १९६० पासून पुढे काही वर्षे केले. सर्वांत खालच्या थरात ताम्रपाषाण काळातील वस्ती मिळाली. हे लोक तांबे आणि दगड वापरीत, चाकावर घडविलेली आणि रंगाने चितारलेली मडकी करीत, शेती आणि पशुपालन करीत. लोखंड त्यांना ठाऊक नव्हते. लेखनकला त्यांच्याकडे नव्हती. उत्खननकर्त्यांच्या मते या तटाची उभारणी याच लोकांनी केली, म्हणजे ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातली. तथागतांचा जन्म व्हायला त्या वेळी कित्येक शतकांचा अवकाश होता. सांचीच्या कठड्यावर एरकिणच्या दात्यांनी आपली नावे कोरवून घेतली तेव्हा त्यांच्या गावचा हा तट हजार वर्षांहून जुना झालेला होता.

आता त्याची मापे. तट पायथ्याशी सुमारे ४७ मीटर रुंद आणि शिल्लक उंची सुमारे साडेसहा मीटर. बाहेरचा खंदक सुमारे साडेछत्तीस मीटर रुंद आणि साडेपाच मीटर खोल. काळ्या आणि पिवळ्या चिकणमातीचे थर देऊन हा तट रचलेला आहे. वाचताना हे आकडे नुसते आकडेच राहतात. म्हणून आम्ही ते आपल्या ओळखीच्या मापात उतरविले.

मातीकामात दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल असा खड्डा म्हणजे एक ब्रास. तटाचा पायथा दीडशे फुटांहून थोडा जास्त, उंची एकवीस फूट, आकार साधारण त्रिकोणी. या हिशेबाने तटाच्या लांबीच्या प्रत्येक फुटामागे सोळा ब्रास माती भरते. आता खंदक पाहा. वरची रुंदी १२० फूट, खोली अठरा फूट, आणि बाजू उतरत्या असल्यामुळे तळाची रुंदी वरच्या निम्मी धरली, तर एका फुटाला पुन्हा सोळा ब्रासच निघते. हे काट्यावर जुळणारे गणित नव्हे. तट झिजला आहे, खंदक गाळाने भरला आहे, आणि तळाची रुंदी आम्हीच अंदाजाने धरली आहे. तरीही खंदक आणि तट ही एकाच कामाची दोन अंगे आहेत हे यावरून उघड दिसते. एकाची खोली तीच दुसऱ्याची उंची.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना ब्रास म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्यापैकी बहुतेकांच्या आईवडिलांनी त्या वर्षी पाझर तलावावर, नालाबांधावर किंवा रस्त्याच्या भरावावर मातीकाम केले आहे. पुरुषाने कुदळीने खणायचे, एकाने फावड्याने पाट्या भरायच्या आणि बायकांनी त्या डोक्यावरून वाहायच्या. संध्याकाळी मुकादम टेप धरून चौकडी मोजायचा, आणि चार बोटे कमी भरली तर तेवढी मजुरी कापली जायची. अशा पाच जणांच्या टोळीने दिवसाला दोन ब्रास काम केले असे धरू. मग एरणच्या तटाच्या एका फुटाला त्या टोळीचे आठ दिवस लागतील. हजार फुटांना आठ हजार दिवस. पन्नास टोळ्या, म्हणजे अडीचशे माणसे, एकाच वेळी लावली तर एकशे साठ दिवस, म्हणजे पावसाळा संपल्यापासून उन्हाळा चढेपर्यंतचा सारा काळ. आणि ही माणसे लोखंडी कुदळ वापरणारी धरली आहेत. एरणच्या लोकांपाशी लोखंड नव्हते, म्हणजे त्यांचे श्रम याहून बरेच अधिक.

काळी आणि पिवळी माती मिसळण्यामागेही जाणतेपणा आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे विदर्भ-मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. निव्वळ काळ्या मातीचा ढीग दोन-चार पावसाळ्यांत ढासळतो. पिवळी माती तितकी फुगत नाही, पण तिच्यात काळीचा चिकटपणाही नसतो. दोन्हींचे थर आलटून पालटून दिले की एकीचा दोष दुसरी झाकते. हे ज्ञान कोठे लिहून ठेवलेले नव्हते. ते हातात होते.

तट बांधून झाला म्हणजे काम संपले असेही नाही. मातीच्या तटाचा खरा शत्रू पाऊस. दरवर्षी उतारावर ओहळ पडतात, माथा खाली येतो, खंदकात गाळ साचतो. म्हणून तटाला वरचेवर लिंपावे लागते आणि खंदक उपसावा लागतो. याचा उल्लेख आपल्याला पाली वाङ्मयात सापडतो, आणि तोही मोठ्या गमतीच्या जागी.

अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातात नगराच्या उपमेचे एक सुत्त आहे. सीमेवरील नगर बाहेरच्या शत्रूला केव्हा जिंकता येत नाही, हे तथागतांनी त्यात सांगितले आहे. नगराला सात गोष्टींची जोड हवी. खोल रोवलेला न हलणारा खांब, खोल आणि रुंद खंदक, तटालगत फिरण्यासाठी उंच आणि रुंद वाट, शस्त्रांचा साठा, विविध प्रकारचे सैन्य, अनोळखी माणसाला अडविणारा आणि ओळखीच्याला आत घेणारा शहाणा द्वारपाल, आणि उंच, रुंद व वरून नीट लिंपलेला तट. पुढे एकेका अंगाला साधकाच्या एकेका गुणाची उपमा आहे. खांब म्हणजे श्रद्धा, खंदक म्हणजे पापाची लाज, फिरती वाट म्हणजे पापाचे भय, शस्त्रे म्हणजे बहुश्रुतता, सैन्य म्हणजे वीर्य, द्वारपाल म्हणजे सति आणि तट म्हणजे प्रज्ञा. याशिवाय नगरात चारापाणी, धान्य आणि औषधे भरलेली हवीत. त्यांची उपमा चार ध्यानांना दिलेली आहे.

विहारात हे सुत्त ऐकताना आपले सारे लक्ष गुणांकडे असते, आणि ते योग्यच आहे. परंतु एरणच्या तटावर उभे राहून ते आठवले तेव्हा उपमेची पहिली बाजूही आम्हाला तितकीच खरी वाटली. ज्याने अशी नगरे डोळ्यांनी पाहिली आहेत, वेशीतून आत जाताना द्वारपालाने ज्याला न्याहाळले आहे, त्यालाच 'तट लिंपलेला हवा' हे सुचते. दगडी किल्ल्यांची सवय झालेल्या आपल्याला लिंपण्याचे महत्त्व कळत नाही. तथागतांच्या काळची नगरे माती आणि लाकूड यांच्या तटाआड होती. महापरिनिब्बान सुत्तात पाटलिगामला वज्जींपासून संरक्षण म्हणून मगधाचे अमात्य सुनीध आणि वस्सकार तटबंदी करीत असल्याचे वर्णन आहे. कौशांबी आणि उज्जयिनी येथे मातीचे प्रचंड तट आजही उभे आहेत. एरणचा तट या सर्वांच्या आधीच्या पिढीतला.

येथे एक शंका पुष्कळदा काढली जाते. नदीकाठचे मातीचे तट शत्रूसाठी नसून पुरासाठी होते, असे काही अभ्यासक म्हणतात. काही ठिकाणी ते खरेही असेल. एरणच्या बाबतीत मात्र आमच्या अल्पमतीला ते पटत नाही. पुराचे पाणी नदीकडून येणार, आणि तट आहे तो रानाकडच्या बाजूला. पुराला अडविण्यासाठी कोणी घराच्या मागच्या दाराला बांध घालीत नाही. येथे ज्याला अडवायचे होते तो पायांनी चालत येणारा होता.

तो कोण? या प्रश्नापाशी आम्हाला बाबासाहेबांची आठवण येणे अपरिहार्य होते. अस्पृश्यांच्या मूळाविषयी त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा त्यातील आरंभीचाच प्रश्न. त्याचे त्यांनी दिलेले उत्तर थोडक्यात असे. प्राचीन काळी काही टोळ्या शेती करून एका जागी स्थिरावल्या आणि काही भटक्याच राहिल्या. स्थिर लोकांपाशी धान्य होते, गुरेढोरे होती, म्हणून भटक्या टोळ्या त्यांच्यावर धाडी घालीत. याच टोळ्यांच्या आपापसातील लढायांत ज्यांचा पराभव झाला त्यांची वाताहत झाली. अशा विखुरलेल्या माणसांना आसरा हवा होता आणि स्थिर वस्तीला राखणदार हवे होते. दोघांत करार झाला. राखण या लोकांनी करायची आणि राहायचे मात्र वस्तीच्या बाहेर, कारण ते परक्या रक्ताचे, आणि कारण राखणदाराची जागाच सीमेवर असते. पुढे इसवी सन ४०० च्या सुमारास, ब्राह्मणी धर्म आणि बौद्ध धम्म यांच्या संघर्षातून, या बाहेर राहणाऱ्यांवर अस्पृश्यता लादली गेली. म्हणजे बाहेर राहणे जुने आणि विटाळ नंतरचा, असे बाबासाहेबांचे प्रतिपादन आहे.

एरणचा तट हा या सिद्धान्ताचा पुरावा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे बाबासाहेबांच्याच शिस्तीला सोडून होईल. आपला सिद्धान्त हा अनुमानाने बांधलेला आहे आणि तो तपासून पाहावा, असे त्यांनी स्वतःच त्या ग्रंथात स्पष्ट केले आहे. परंतु ज्या परिस्थितीची त्यांनी कल्पना केली, ती परिस्थिती येथे मातीत उभी आहे. एका बाजूला शेती करणारी, कोठारे भरणारी वस्ती. दुसऱ्या बाजूला मोकळे रान. मध्ये तट. तट म्हटला की आत आणि बाहेर असे दोन भाग पडतात, आणि कोणी आत राहायचे, कोणी बाहेर, हे ठरवावे लागते.

मराठीत या तटाला आपण गावकूस म्हणतो. 'गावकुसाबाहेरचे' हा शब्द आपल्या समाजाने इतकी शतके अंगावर वागविला की त्यातील कूस ही एक खरीखुरी मातीची भिंत होती, ती कोणी तरी खणून, वाहून, रचून उभी केली होती, याचा आपल्याला विसर पडला. एरणला ती भिंत पायाखाली असते.

म्हणून आमचे असे मत झाले आहे की, अशा जागी उत्खनन करताना तटाच्या आत जेवढे खणले जाते, तेवढेच खंदकाच्या पलीकडेही खणले गेले पाहिजे. आत मडकी मिळतात, चुली मिळतात, मणी मिळतात, म्हणून खड्डे आत घेतले जातात. ते स्वाभाविक आहे. परंतु पलीकडे झोपड्यांच्या खांबांचे खळगे असतील, वेगळ्या घडणीची मडकी असतील, हाडांचे वेगळे ढीग असतील, तर त्यांतून बाहेर राहणाऱ्यांचा इतिहास बोलू लागेल. आत राहणाऱ्यांतही सारे सारखे नव्हते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. एरणच्या ताम्रपाषाणी लोकांशी नाते सांगणाऱ्या माळवा संस्कृतीचीच एक शाखा तेथे होती. तेथे वस्तीच्या मध्यभागी मोठी घरे आणि पश्चिमेच्या कडेला कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरे, असा भेद उत्खननकर्त्यांना दिसून आला. सव्वातीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका खेड्यात मधोमध कोणी राहायचे आणि कडेला कोणी, हे ठरू लागले होते. जातीव्यवस्था तेव्हा होती असे कोणी म्हणत नाही. पण ज्या विद्यार्थ्यांना या विषयात पुढे जायचे आहे त्यांनी इनामगावचा अहवाल जरूर वाचावा.

एरणच्या पुढच्या इतिहासाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो इतर पुस्तकांत सापडतो. ताम्रपाषाण काळानंतर येथे लोखंड आले आणि मग नाणी आली. आहत नाण्यांचा तीन हजारांहून अधिक नाण्यांचा एक साठाच उत्खननात मिळाला. एरणच्या तांब्याच्या चौकोनी नाण्यांवर वाहती नदी आणि तिच्यातील मासे दाखवीत. गावाला तीन बाजूंनी वेढणारी बीना नाण्यावरही आली, तट मात्र आला नाही. येथेच कनिंगहॅमला धर्मपाल नावाच्या राजाचे एक तांब्याचे नाणे मिळाले. त्यावरील ब्राह्मी अक्षरे उजवीकडून डावीकडे वाचावी लागतात. ब्यूलर या पंडिताने त्यावरून ब्राह्मी लिपी पश्चिम आशियातील लिपींपासून निघाली, असे अनुमान काढले. इतरांचे म्हणणे असे की, ठसा कोरणाऱ्याने अक्षरे उलटी कोरायला हवी होती ती सुलटी कोरली, म्हणून नाण्यावर ती उलटी उमटली. एका कारागिराची डुलकी आणि पंडितांचे शतकभराचे भांडण! आम्हाला कारागिराचीच बाजू अधिक सयुक्तिक वाटते.

गुप्तांच्या काळात एरणचे महत्त्व शिगेला पोहोचले. समुद्रगुप्ताचा येथील शिलालेख आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. बुधगुप्ताच्या कारकिर्दीत मातृविष्णू आणि धन्यविष्णू या दोघा भावांनी जो स्तंभ उभारला, त्यावर गुप्त संवत् १६५, म्हणजे इ.स. ४८४, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा काळ दिलेला आहे. तिथीबरोबर वाराचा उल्लेख करणारा हा भारतातील सर्वांत जुना ज्ञात लेख मानला जातो. पुढे काही वर्षांतच मातृविष्णू वारला आणि धन्यविष्णूने वराहमूर्तीवर कोरविलेल्या लेखात गुप्त राजाचे नाव नाही. तेथे हूणांचा तोरमाण आला. राजे बदलायला एवढासा वेळ लागला. तटाला त्याचा पत्ताही नसावा.

तिसरा लेख मात्र घाईने ओलांडून जाण्यासारखा नाही. तो गावापासून थोड्या अंतरावर मिळालेल्या एका लहान स्तंभावर आहे. गुप्त संवत् १९१, म्हणजे इ.स. ५१०. भानुगुप्ताबरोबर आलेला गोपराज नावाचा सरदार येथे लढाईत मारला गेला आणि त्याची पत्नी त्याच्याबरोबर अग्नीत गेली, असे त्यात म्हटले आहे. गोपराजाच्या घराण्याची माहिती लेखात आहे. पत्नीचे नाव नाही. सती जाण्याचा तारखेसह उल्लेख असलेला हा सर्वांत जुना लेख म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत सांगितला जातो.

बाबासाहेबांनी १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, जातिसंस्थेवर जो निबंध वाचला त्यात सतीचा विचार आहे. जातीतल्या जातीतच विवाह करायचे ठरले की पती मेल्यावर मागे राहिलेली स्त्री ही जातीच्या दृष्टीने अडचण होते. ती जातीबाहेर विवाह करील, किंवा जातीतल्या दुसरीचा नवरा घेईल. तिला पतीबरोबर जाळणे, नाही तर जन्मभर विधवा ठेवणे, ही त्या अडचणीवर काढलेली वाट होय. गौरव मागाहून आला, गरज आधी होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे जात हे एक कुंपण झाले आणि त्या कुंपणाची डागडुजी स्त्रीच्या देहाने केली गेली.

येथे शब्दांचा एक योगायोग आमच्या ध्यानात आला, तो नमूद करून ठेवतो. सुत्तातील नगराचा द्वारपाल म्हणजे सति. पालीत सति म्हणजे स्मृती, जागरूकता. त्या नगराच्या वेशीत जागे राहून प्रत्येकाला पारखणाऱ्याचे नाव सति. आणि एरणच्या स्तंभावरील त्या नाव नसलेल्या स्त्रीलाही आपले लोक सतीच म्हणतात. शब्दांचा उगम वेगळा आहे, अर्थ तर त्याहून वेगळे. तरुण उपासक-उपासिकांनी धम्मवर्गात पाली 'सति' हा शब्द ऐकला की गोंधळ होतो, म्हणून हे सांगितले.

आता पुन्हा मातीकडे येऊ. प्राचीन तट ओळखावा कसा, हे विद्यार्थी विचारतात. आपल्याकडे जमिनीला काळी आणि पांढरी असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसे जेथे शेकडो वर्षे राहिली तेथे राख, शेण, पडक्या भिंतींची माती, चुना, हाडे असे सारे मिसळून जमीन पांढरट होते आणि वर येते. हे झाले पांढरीचे टेकाड. तट याहून निराळा दिसतो. तो लांब पसरलेल्या वरंब्यासारखा असतो, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला त्याच्याच बरोबरीने जाणारी सखल पट्टी असते. ही पट्टी म्हणजे भरून आलेला खंदक. पावसाळ्यात तेथे पाणी जास्त दिवस राहते आणि रब्बीत तेथील गहू-हरभरा शेजारच्यापेक्षा अधिक हिरवा असतो. दुपारच्या उन्हात काही कळत नाही. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर जावे. तिरप्या उन्हात एक हाताचा उंचवटाही सावली टाकतो. आम्ही एरणला पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि तासभर आम्ही तटावरच उभे राहून तट शोधत होतो. सूर्य खाली गेला तेव्हा आमचे आम्हालाच हसू आले.

ओळखणे आवश्यक यासाठी की, जे ओळखू येत नाही ते राखले जात नाही. एरणची मंदिरे आणि मूर्ती केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. १९५८ च्या कायद्यात जुनी टेकाडे आणि वसतिस्थाने यांनाही संरक्षणाची सोय आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियमन आले. परंतु मूर्तीचा हात तुटला तर तो दिसतो. तटाचा माथा नांगराने दरसाल बोटभर खाली आला तर ते कोणाच्याच लक्षात येत नाही. त्यातून पांढरीची माती शेताला खत म्हणून चांगली आणि घर लिंपायलाही चांगली. पूर्वी दोन-चार गाड्या माती जायची. आता यंत्र आले की एका दिवसात, आमच्या वरच्या हिशेबाने, एका टोळीचे कित्येक महिने उचलले जातात. गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला ते मातीचा ढिगारा म्हणूनच दाखविले गेले, त्याने तो ढिगारा समजावा यात नवल नाही.

ज्यांना एरणपर्यंत जाणे जमणार नाही त्यांच्यासाठी जवळचे ठिकाण म्हणजे भंडारा जिल्ह्यातील पवनी. तेथे वैनगंगेच्या काठी, नदीची बाजू सोडून उरलेल्या बाजूंना मातीचा जुना तट आणि खंदक आहे. १९६९-७० मध्ये तेथील जगन्नाथ टेकडीवर झालेल्या उत्खननात मोठा स्तूप आणि दात्यांची नावे कोरलेला दगडी कठडा सापडला, हे आपल्या सभासदांना ठाऊकच आहे. तेथे जाणारे स्तूपाला वंदन करून मिरचीच्या बाजारातून परततात. पुढच्या वेळी तटावरून चालत जावे. सोबत पन्नास फुटी टेप, एक वही आणि पाण्याची बाटली असावी. तटाचा पायथा कोठे सुरू होतो ते दोघांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी मोजून वहीत लिहावे, कोठे माती काढून नेलेली दिसली तर ती जागा आणि तारीख टिपून ठेवावी, आणि खंदक ओलांडून पलीकडे शंभर पावले जाऊन तेथे खापरे दिसतात का तेही पाहावे. खापरे उचलू नयेत. जेथे पडली असतील तेथेच राहू द्यावीत आणि फक्त जागा लिहावी. या नोंदी संस्थेच्या वाचनालयात ठेवण्याची व्यवस्था केलेली आहे. एरणची आमची वही तेथे पहिल्या कपाटात आहे.